जास्त : एक

गोळीबार मैदानाच्या ऑफिसातून निघताना साहेब म्हणाले,
परिमला, यंदा खडकीचा डेपो तुझा.
डबा घेतला, टॉर्च घेतला, हिरवं पेन.
हिरवी शाई ऑडिटची. आमच्याकडे शस्त्र म्हणून तेवढंच.

शेड नंबर सात.
चिंचेखाली लाल बादल्या, वाळूने भरलेल्या, आगीसाठी.
वाळूत मांजराच्या पावलांचे ठसे.
ते मोजणीत धरत नाहीत.

लष्कराच्या यादीत नाम आधी येतं,
विशेषणं मागून, रांगेत:
बूट, घोट्यापर्यंत, काळे.
कांबळं, लोकरी, राखाडी.
मोजे, जोड, भारी.
आठ नंबरचे बूट सगळ्यांत जास्त.
देशाचं पाऊल साधारण आठ नंबरचं,
हे मला अठरा वर्षं नोकरी केल्यावर कळलं.

टीव्हीवर सज्जता म्हटलं की विमानं सुळकन जातात.
इथे डांबरगोळ्यांचा वास,
कसर लागू नये म्हणून दर तीन महिन्यांनी उलटवलेल्या घड्या,
आणि स्टोअरकीपर भेगडे, वय सत्तावन्न,
कुठल्या रॅकवर कितवी गाठ सैल आहे
ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.
"लढाई होवो न होवो मॅडम,
उंदीर रोज येतात."

शेवटचं पान. शेडचा शेवटचा कोपरा.
टॉर्च भेगड्यांनी माझ्या हातातून घेतला.
पेटी, शव, अॅल्युमिनियम, झाकणासह.
लेजरप्रमाणे चाळीस.
मी मोजल्या.
उलट्या बाजूने मोजल्या.
एक्केचाळीस.

कमी भरलं तर चोरी, नुकसान, चौकशी. ती भाषा मला पाठ.
जास्त भरलं तर तेही वाईटच.
जास्त निघतं तिथे
आधी कुणीतरी काहीतरी चुकीचं लिहिलेलं असतं.

"भेगडे, ही कुठली?"

खिशातलं फडकं काढून
ते झाकणावरून फिरवत राहिले.
धूळ नव्हतीच. या पेट्या पुसायच्या असं कुठल्या नियमात नाही.
"पुरात तुकडी गेली होती ना सांगलीकडे,
त्यातला एक पोरगा बोटीतून गेला. तीन दिवस पत्ता नाही.
चौथ्या दिवशी वरून मागणी आली.
रातोरात गाडी भरली. आपली तयारी कधी मागे नसते.
पेटी पोचली पहाटे.
पोरगा सापडला दुपारी,
उसाच्या फडापलीकडे, गोठ्याच्या पत्र्यावर,
मांडीवर कुणाची तरी शेळी.
श्वास चालू होता.
शिव्यापण चालू होत्या म्हणे."

आणि ही?

"ही आली परत, रिकामी.
घ्यायची कशी? फॉर्म कुठाय?"

खरंच नव्हता.
वापरण्यायोग्य, दुरुस्तीयोग्य, बाद.
तीन रकाने आहेत. लागलीच नाही,
असा चौथा कुणाला सुचला नाही.

रेंज हिल्सकडून कसलासा भोंगा झाला.
भेगड्यांनी सवयीने घड्याळ जुळवलं.
मी पेटीवरच वही टेकवून लिहिलं:
तपासणीअंती नग जास्त, एक.
कारण: माणूस, परत, एक.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी ती ओळ खोडली.
ही रिपोर्टची भाषा नाही, म्हणाले,
आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होते.
मग वर लिहिलं: लेजरवर घ्यावी.

घेतली.
आता आकडा एक्केचाळीस.
पुढच्या वर्षी दुसरं कुणी जाईल टॉर्च घेऊन,
मोजेल, बरोबर भरेल,
हिरवी खूण करेल आणि डबा उघडून
चिंचेखाली जेवायला बसेल.